हडसनच्या कुशीवरील अक्षरे

जुन्या मोटारीला शर्यतीच्या गाडीचा वेष चढविण्याची हौस अमेरिकेत चांगलीच रुजली आहे. १९५१ ते १९५४ या सालांतील एखादी हडसन हॉर्नेट मिळवावयाची, तिच्या दोन्ही कुशींवर ‘फॅब्युलस हडसन हॉर्नेट’ असे ठळक रंगवावयाचे, दारावर ९२ चा आकडा घालावयाचा आणि मेळाव्यात नेऊन उभी करावयाची! कोणी या हौसेस नावे ठेवतो, कोणी ती डोक्यावर घेतो. आम्हांस दोन्ही पक्ष थोडे उतावळे वाटतात.

‘स्टॉक कार’ म्हणजे दुकानात कोणासही विकत मिळणारी गाडी. दारूबंदीच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगरी मुलखात चोरटी दारू पोहोचविणारे तरुण बाहेरून साधीच दिसणारी गाडी आतून बदलून घेत आणि पोलिसांना हुलकावणी देत. पुढे हेच तरुण शर्यतीत उतरले. १९४८ साली ‘नॅसकार’ ही संस्था निघाली आणि १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे निखळ स्टॉक गाड्यांची पहिली शर्यत झाली. तीत ग्लेन डनवे पहिला आला. परंतु तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागील स्प्रिंगा बदललेल्या आढळल्या. तो बाद झाला आणि लिंकन गाडीवाल्या जिम रोपरला विजयी ठरविले. या खेळाचा पहिलाच निकाल असल काय आणि बनावट काय, या वादात लागला म्हणावयाचा!

हडसनने १९४८ साली गाडीचा तळ चौकटीच्या आत खाली घेतला. दार उघडून उतारूला पायरी उतरल्यासारखे आत जावे लागे. गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर गाडी बसून राही. इंजिन सहा सिलिंडरांचे, ३०८ घनइंचांचे. आठ सिलिंडरवाल्यांनी हसावे असे. पण १९५१ साली मार्शल टीगने डेटोनाच्या वाळूवर तीच गाडी जिंकविली, आणि १९५२ साली ३४ पैकी २७ शर्यती हॉर्नेटने मारल्या. त्या वर्षी टिम फ्लॉक अजिंक्य ठरला, पुढील वर्षी हर्ब थॉमस. कारखानाही काही भोळा नव्हता! शर्यतीचे सुटे भाग ‘खडतर वापरासाठी’ अशा नावाने विक्रीस ठेवून त्याने गाडी कागदोपत्री ‘स्टॉक’च राखली.

तेव्हा घरगुती हॉर्नेटला शर्यतीचा रंग देणे हे मुळीच ढोंग नव्हे. शर्यतीची गाडीही घरगुतीच होती. आमची तक्रार निराळी आहे. १९५४ साली हडसन नॅश कंपनीत मिळाली, १९५७ नंतर ते नावही उरले नाही. म्हणजे आहेत त्या गाड्यांत भर पडावयाची नाही. अशा वेळी चांगल्या स्थितीतील गाडीची मूळ आसने उपटून फेकावयाची, लोखंडी सांगाडा आत डकवावयाचा, हा कसला मान? वडिलांची चीज मुलाने अवश्य गावी. पण त्यासाठी त्यांचा तंबोरा कापून नव्या घाटाचा करू नये, आणि चीज आपलीच म्हणून तर मुळीच सांगू नये. रंग उद्याचा मालक खरवडून काढील. कापलेला पत्रा व भंगारात गेलेले आसन परत येत नाही.

२००६ सालच्या ‘कार्स’ या व्यंगचित्रपटातील म्हाताऱ्या हडसनमुळे हे वेड लहान मुलांपर्यंत पोहोचले. तिचा आकडा ५१. थॉमसचा ९२, फ्लॉकचा ९१, टीगचा ६. ज्याला चित्रपट आवडला त्याने ५१ खुशाल रंगवावा, मात्र थॉमसचे स्मारक म्हणून मिरवू नये.

मिशिगनमधील इप्सिलांटी येथे एका जुन्या हडसन विक्रेत्याच्याच जागेत संग्रहालय आहे, आणि तेथे पूर्वी थॉमसची खरी ९२ उभी असे. मेळाव्यात नवी ९२ आणणाऱ्याने काचेवर एक पाटी लावावी: गाडी कोणत्या सालची, मूळ रंग कोणता, काय काय बदलले आणि काढलेले भाग कोठे ठेवले आहेत. एवढे वाचावयास मिळाले, तर आम्ही त्या गाडीभोवती आनंदाने दोनदा फिरू.