थापी बाईच्या हाती कधी येणार?

वास्तुशिल्पकार अनुपमा कुंडू १९६७ साली पुण्यात जन्मल्या. १९८९ मध्ये त्या मुंबईच्या सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि पुढे तमिळनाडूत ऑरोविलला जाऊन राहिल्या. तिथे २००० साली पुरं झालेलं त्यांचं ‘वॉल हाऊस’ जगभर गाजलं. भिंतींना स्थानिक भट्टीतल्या पातळ विटा, छताला कुंभारांनी घडवलेले मातीचे पोकळ नळे. सिमेंट-लोखंड जमेल तितकं कमी. २०१२ मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात या घराची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी राहिली. २०२१ मध्ये त्यांना ऑग्युस्त पेरे पुरस्कार मिळाला.

पुरुषांची मक्तेदारी असलेल्या क्षेत्रात एका बाईनं हे मिळवलं, याचा आनंद आहेच. कारखान्याच्या मालापेक्षा कारागिराच्या हातावर पैसा खर्च व्हावा, हा त्यांच्या कामातला विचारही मोलाचा आहे.

पण मैत्रिणींनो, हाच विचार राहुरी तालुक्यातल्या एखाद्या गावात नेऊन पाहू या. इथली धाब्याची घरं पिढ्यान्‌पिढ्या कोणी राखली? माती चाळणं, शेण कालवणं, भिंती लिंपणं, भुई सारवणं ही सारी बाईचीच कामं. त्याला कोणी वास्तुज्ञान म्हटलं नाही, घरकाम म्हटलं. दाम तर नाहीच. म्हणून पक्कं घर झाल्यावर तिला हायसं वाटलं, तर तिला पर्यावरणाचे धडे देऊ नयेत. तीच बाई बांधकामावर गेली की बिगारी ठरते. सोबतचा पोरगा चार वर्षांत गवंडी होतो. ती घमेलंच वाहते.

मातीची भीतीही खोटी नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड दगडमातीची घरं माणसांवर कोसळली. पण त्यानंतरच्या दुरुस्तीच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’च्या पुढाकारानं गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. भूकंपात टिकेल असं बांधकाम त्यांनी समजून घेतलं, इतरांना समजावलं. म्हणजे संधी मिळाली की बाई शिकते.

तेव्हा गावात घरकुलांचं काम निघालं की आपल्या गटांनी ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. गवंडी प्रशिक्षणात बाया किती? शिकलेल्या बाईला मजुरी गवंड्याची की बिगाऱ्याची? आणि घराचा आराखडा ठरवताना त्यात राबणारीला कोणी विचारलं का? उत्तरं लेखी मागावीत. एका वास्तुशिल्पकाराचा गौरव आपलाही व्हायचा, तर सुरुवात इथून करावी लागेल.