वर्गणी मापून दिली, काम मापून घ्या

सुगी होऊन धान्य घरांत पडलें न पडलें तोंच पावतीपुस्तकें घेऊन मंडळी गांवांत येऊं लागतात. कोणी शाळेसाठीं, कोणी वसतिगृहासाठीं. आमचा कुणबी, सुतार, कुंभार स्वतःच्या पोराला वही घेतांना दहा वेळां विचार करील, पण लोकांच्या कामाला म्हटलें कीं पायली भरून देईल. तो मापानें देतो. मग घेणाऱ्याचें काम त्यानें मापानें कां घेऊं नये?

हें लिहिण्यास कारण घडलें. दोन वर्षांमागें एका संस्थेनें (नांव घेत नाहीं) आमच्या गांवीं संध्याकाळचा वाचनवर्ग काढला. पुढें तिचा गुळगुळीत कागदावरचा अहवाल आमच्या हातीं आला. गांवचीं चाळीस मुलें वाचूं लागलीं असें त्यांत छापलें होतें, खालीं नांवांची यादी. आम्ही गांवचे मास्तर. यादी शाळेच्या हजेरीपटाशीं ताडून पाहिली, तों त्यांतलीं अकरा मुलें त्या हंगामांत आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेलेलीं! उरलेल्यांस पुस्तक दिलें, तर बरींचशीं दुसऱ्याच ओळीवर अडखळलीं. जमाखर्च मात्र बिनचूक. खालीं हिशेबतपासनिसाची सही व शिक्का.

येथेंच आमच्या बंधूंची फसगत होते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वयें नोंदलेल्या संस्थांस हिशेब ठेवावे लागतात, धर्मादाय आयुक्तांची त्यांवर देखरेख असते. कायदा चांगला आहे. पण तपासनीस पाहतो तो पैसा कोठें गेला हें. त्या पैशानें पोर वाचूं लागलें कीं नाहीं हें पाहणें त्याचें काम नव्हे. खडूचें बिल खरें असूं शकतें आणि वर्ग एक दिवसही भरलेला नसूं शकतो.

मग फळ पाहावें कसें? मुंबईंत १९९५ सालीं सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेनें २००५ पासून 'असर' नांवाची पाहणी चालविली आहे. पाहणारे खेड्यांत मुलाच्या घरीं जातात, दुसरीच्या पुस्तकाएवढा सोपा उतारा त्याच्यापुढें ठेवतात आणि वाच म्हणतात. २०१८ सालीं देशांतील खेड्यांत पांचवीच्या सुमारें निम्म्याच मुलांना तो वाचतां आला. खरें सांगायचें तर आम्हां मास्तरांस आधीं रागच आला, कारण परीक्षा मुलांची नव्हती, आमची होती. पण आमच्या वर्गांत तोच प्रयोग केला आणि राग गिळावा लागला. जो कागद आमच्यापुढें आला तो वर्गणी मागणाऱ्यांपुढें कां येऊं नये?

मात्र नुसत्या आकड्यावर पैसा टांगूं नये. इंग्लंडांत १८६२ सालीं मुलें जितकीं पास तितकें शाळेला अनुदान, असा नियम झाला. मास्तरांनीं मुलांकडून पुस्तक पोपटासारखें पाठ करून घेतलें. म्हणून परीक्षा संस्थेच्या सोयीनें होऊं नये. न सांगतां जावें, आणि आईबापांसमक्ष वाचून घ्यावें.

आणि यादी उघड्यावर वाचली जावी. राजस्थानांत मजदूर किसान शक्ति संघटनेनें १९९४ सालीं जनसुनावण्या सुरू केल्या. सरकारी कामांचे हजेरीपट व बिलें गांवकऱ्यांपुढें मोठ्यानें वाचलीं. ज्यांच्या नांवें मजुरी लागली होती तेच उठून सांगूं लागले कीं आम्ही त्या कामावर गेलोंच नाहीं. त्याच चळवळीच्या रेट्यानें पुढें २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा झाला. सरकारी पैशावर मुख्यत्वें चालणाऱ्या संस्थाही त्या कायद्याखालीं येतात, असें सुप्रीम कोर्टानें २०१९ सालीं ठरविलें आहे. पण पायली ज्यानें दिली त्याला विचारायला अर्ज कशाला हवा?

कांहीं सज्जन म्हणतात, अशानें चांगल्या कार्यकर्त्यांचें मन मोडेल. आमचा अनुभव उलट आहे. शेजारच्या गांवीं एक बाई शिवणाचा वर्ग चालविते. किती मुली आल्या, किती सोडून गेल्या, कां गेल्या, तें ती विचारण्याआधींच सांगते. तिला पावतीपुस्तक घेऊन फिरावें लागत नाहीं.

गेल्या पंधरवड्यांत ती वाचनवर्गाची मंडळी पुन्हां आली. आम्हीं म्हटलें, आधीं चावडीवर बसूं, मागची यादी वाचूं, नांवाचें मूल बोलावूं. ते म्हणाले, पुढच्या महिन्यांत येतों. यादी आम्हीं जपून ठेवली आहे, आणि यंदाची जोंधळ्याची वर्गणी अजून ज्याच्या त्याच्या कणगींत आहे.