ग्राहकाला ‘सूट’ नको, ‘सुइट’ द्या!



गेल्या व्हिडिओत बोलता बोलता हॉटेलच्या रूम अपग्रेडचा विषय निघाला आणि वेळ संपली. काही जण म्हणाले, “सर, आम्ही डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवतो. फाइव्ह स्टार हॉटेलशी आमचं काय देणंघेणं?” देणंघेणं आहे, आणि चांगलंच आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी माझा एक किस्सा. वर्कशॉपच्या निमित्ताने महिन्यातल्या चार-पाच रात्री माझ्या बाहेरगावी जातात. एकाच साखळीच्या हॉटेलांत राहायचं असं ठरवल्यामुळे त्यांचं वरच्या दर्जाचं मेंबर कार्ड मला मिळालं. कार्डावर काय काय मिळणार याची यादी आली. त्यात ठळक गोष्ट एकच होती, ती म्हणजे रूम अपग्रेड. पैसे साध्या खोलीचे द्यायचे आणि जमलं तर राहायचं सुइटमध्ये, म्हणजे वेगळी बैठकीची खोली असलेल्या मोठ्या रूममध्ये.

एकदा दुपारी तीनच्या सुमारास एका शहरात पोचलो. काउंटरवरचा मुलगा हसून म्हणाला, “सॉरी सर, आज सुइट अव्हेलेबल नाही.” ठीक आहे म्हटलं. लिफ्टची वाट बघताना सहज फोनवर त्यांचंच ॲप उघडलं. त्याच हॉटेलात, त्याच रात्रीसाठी सुइट विकायला होता. साडेचार हजार जास्त भरा आणि घ्या!

खरं सांगतो, खोली साधी मिळाली याचं वाईट वाटलं नाही. मला ती पुरेशी होती. राग आला तो “नाही” म्हणून सांगितल्याचा. कार्ड नसतं तर मी काही मागितलंच नसतं आणि खूश होऊन झोपलो असतो. कार्ड देऊन त्यांनी माझ्या मनात अपेक्षा तयार केली आणि ती मोडलीसुद्धा त्यांनीच.

हे असं का होतं?

ही पद्धत कुठून आली ते थोडक्यात बघू. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांसाठी मैल मोजायची योजना आणली. दोनच वर्षांत, १९८३ साली, मॅरियटने हॉटेलात तसंच सुरू केलं. आज मॅरियटची योजना बॉनव्हॉय या नावाने चालते. वर्षात १० रात्री राहिलात की सिल्व्हर, २५ झाल्या की गोल्ड, ५० झाल्या की प्लॅटिनम, ७५ झाल्या की टायटॅनियम. प्लॅटिनमपासून पुढे साध्या सुइटपर्यंत अपग्रेड मिळू शकतं. ‘मिळू शकतं’ हा शब्द नीट वाचा. नियमात लिहिलेलं असतं: उपलब्धतेनुसार.

आता हॉटेलच्या बाजूने विचार करा. हॉटेलची खोली हा नाशवंत माल आहे. गडकरी रंगायतनमध्ये तिसरी घंटा झाली की रिकाम्या खुर्चीचं तिकीट कोणी विकत घेत नाही, तसंच रात्र उलटली की रिकाम्या सुइटची किंमत शून्य. मग रिकामाच राहणार असलेला सुइट नेहमीच्या पाहुण्याला दिला तर हॉटेलचा खर्च किती? साफसफाई थोडी जास्त, दोन टॉवेल जास्त, वीज थोडी जास्त. समजा पाचशे-सातशे रुपये. पाहुण्याला मात्र चार-पाच हजारांची वस्तू मिळाल्याचा आनंद होतो. देणाऱ्याला पाचशे आणि घेणाऱ्याला पाच हजार, असा सौदा धंद्यात रोज मिळत नाही.

आणखी एक गंमत आहे. बऱ्याचदा साध्या खोल्या क्षमतेपेक्षा जास्त बुक होतात, कारण काही बुकिंग रद्द होणार हे हॉटेलला माहीत असतं. सगळेच आले, तर कोणाला तरी वरच्या खोलीत पाठवावंच लागतं. मग तो मान कार्डवाल्याला द्यायचा. काम हॉटेलचं झालं आणि उपकार पाहुण्यावर!

मग गडबड कुठे होते? गडबड होते ती आश्वासन देणारा एक आणि पाळणारा दुसरा असतो तिथे. मोठ्या ब्रँडची बरीचशी हॉटेलं ब्रँडच्या मालकीची नसतात. ठाण्यापासून जवळचं उदाहरण घ्या. पवईचं वेस्टिन हे नाव मॅरियट कुटुंबातलं, पण हॉटेल शॅले हॉटेल्स या के. रहेजा कॉर्प समूहातल्या कंपनीचं. यात गैर काहीच नाही, जगभर हा धंदा असाच चालतो. पण गणित लक्षात घ्या. “अपग्रेड देऊ” असं ब्रँड सांगतो आणि सुइट असतो मालकाचा. साधारणपणे अपग्रेडचे पैसे मालकाला कोणी भरून देत नाही. त्यामुळे दुपारी तीन वाजता एखाद्या मॅनेजरला वाटतं, थांबूया, रात्रीपर्यंत कोणी रोख पैसे देऊन घेईल. आणि काउंटरवरचा मुलगा “नाही” म्हणून मोकळा होतो.

आता आपल्या दुकानात या

तुम्ही म्हणाल, आमचा ब्रँडही आम्हीच आणि मालकही आम्हीच. खरंच तसं आहे का?

प्रशिक्षणाच्या क्षेत्रात येण्याआधी माझं डोंबिवली पूर्वेला छपाईचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्ड अशी कामं. एक केटरर माझ्याकडे नऊ वर्षं येत होते. मी त्यांना नेहमी सांगायचो, “काका, तुमचं काम कधीही आणा, आधी तुमचं करणार.” मोठ्या तोंडाने दिलेला शब्द. मे महिन्यात लग्नसराईत ते मेनूकार्डाचं काम घेऊन आले, संध्याकाळी हवं होतं. मी दुकानात नव्हतो. काउंटरवरच्या मुलाला माझा शब्द माहीतच नव्हता. तो म्हणाला, “चार दिवस लागतील, नंबर लागलाय.” काका “बरं” म्हणाले आणि गेले.

भांडले नाहीत, फोन केला नाही. मला दोन महिन्यांनी कळलं की त्यांची कामं आता कल्याणला होतात. भेटायला गेलो तर चहा पाजला, गोड बोलले, पण परत आले नाहीत. चूक मुलाची नव्हती. शब्द माझा होता आणि तो पाळायची सोय मी केली नव्हती. नवीन ग्राहक भांडतो, नेहमीचा ग्राहक गुपचूप जातो. हे मी नऊ वर्षांचा ग्राहक गमावून शिकलो, तुम्हाला फुकटात सांगतोय.

सूट देण्याची सवय सोडा

ठाण्याच्या राम मारुती रोडवर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर एक चक्कर मारा. दर चार दुकानांमागे एक पाटी, “२० टक्के सूट”. नवीन उद्योजकाला ग्राहक टिकवायचा म्हटलं की हाच एक मार्ग दिसतो. माझं स्पष्ट मत आहे, नेहमीच्या ग्राहकाला सूट देणं ही सगळ्यात महाग भेट आहे.

हिशेब करा. समजा पार्लरमध्ये हजार रुपयांची सर्व्हिस आहे. सामान, मुलींचं कमिशन, भाडं जाऊन तुमच्या हातात ४०० उरतात. २० टक्के सूट म्हणजे २०० गेले, नफा निम्मा. शिवाय ग्राहकाच्या डोक्यात बसतं की या कामाची खरी किंमत ८००च आहे. पुढच्या वेळी हजार मागितले तर तिलाच फसल्यासारखं वाटेल.

आता दुसरा मार्ग. मंगळवारी दुपारी तुमची खुर्ची रिकामी असते आणि मुलगी मोबाईल बघत बसलेली असते. त्या वेळात नेहमीच्या ताईंना पंधरा मिनिटं हेड मसाज तुमच्याकडून. खर्च तेलाचा, वीसेक रुपये. ताई चार मैत्रिणींना सांगणार. हाच तुमचा सुइट.

प्रत्येक धंद्यात असा एक रिकामा सुइट असतो. तो शोधावा लागतो.

पोळी-भाजी केंद्राचंच घ्या. तुमचा ग्राहक कोण? सकाळी गाडी पकडून मुंबईला गेलेली आणि रात्री थकून स्टेशनला उतरलेली माणसं. मध्य रेल्वेची गाडी उशिरा आली की त्यांच्या डोक्यात एकच धास्ती असते, पोळ्या संपल्या असतील. अशा नेहमीच्या ग्राहकाला सांगा, “गाडी लेट झाली तर व्हॉट्सॲप करा, साडेनऊपर्यंत तुमच्या दहा पोळ्या राखून ठेवू.” खर्च किती? जवळजवळ काही नाही. पण अर्धा तास गाडीत उभ्याने काढलेल्या माणसाला डब्यात ठेवलेल्या त्या दहा पोळ्या सुइटपेक्षा मोठ्या वाटतात. त्याला दोन रुपयांची सूट दिली असती तर त्याने लक्षातही ठेवली नसती.

ब्लाउज शिवणाऱ्या ताईंसाठी सुइट म्हणजे लग्नसराईत राखून ठेवलेल्या दोन तातडीच्या जागा. घोडबंदर रोडवरच्या गॅरेजवाल्यासाठी सुइट म्हणजे काम होईपर्यंत गाडी आतून झाडून-पुसून देणं. क्लासवाल्यांसाठी रविवारी सकाळी रिकाम्या असलेल्या वर्गात जुन्या विद्यार्थ्यांना शंका विचारायला बसू देणं.

तीन नियम, हॉटेलकडून शिकलेले

पहिला नियम: कोणाला द्यायचं ते मोजून ठरवा. हॉटेलांची एक गोष्ट मला मनापासून आवडते, तिथे रात्री मोजतात. आपल्याकडे काय होतं? जो मोठ्याने बोलतो, जो ओळख सांगतो, ज्याच्यामागे चार माणसं असतात, त्याचं काम आधी. आणि सहा वर्षं रोख पैसे देऊन गुपचूप जाणारी बाई रांगेत उभी. हा अन्याय आहे आणि धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणाही. एक साधी वही करा. वर्षात बारा वेळा आला तो आपला प्लॅटिनम. चेहरा बघून नाही, वही बघून.

दुसरा नियम: जे नक्की देता येईल तेवढंच कबूल करा. बॉनव्हॉयमध्ये प्लॅटिनम मेंबरला दुपारी चारपर्यंत खोली ठेवता येते, आणि रिसॉर्ट व कन्व्हेन्शन हॉटेलं सोडली तर ती सोय हमखास असते. सुइटच्या मानाने गोष्ट लहान. पण माझ्यासारख्या फिरत्या माणसाला विचाराल तर लहान आणि हमखास गोष्ट मोठ्या आणि बेभरवशाच्या गोष्टीपेक्षा बरी. मी त्यावर दुपारची मीटिंग ठरवू शकतो, सुइटच्या आशेवर काही ठरवता येत नाही. म्हणून “तुमचं काम आधी” असं म्हणू नका. “सोमवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या आत आणलंत तर त्याच दिवशी” असं म्हणा. आणि जे जमेल तेव्हाच द्यायचंय ते आधी बोलूच नका, न सांगता द्या. न मागता मिळालेलं माणूस विसरत नाही.

तिसरा नियम: काउंटरवरच्या माणसाला अधिकार द्या. हा सगळ्यात महत्त्वाचा. नेहमीच्या ग्राहकांची यादी त्याच्यासमोर हवी आणि “मालकांना विचारतो” न म्हणता त्याला निर्णय घेता आला पाहिजे. मी हे केलं असतं तर केटरर काका आजही माझे ग्राहक असते. आणि द्यायला काही नसेल तर खोटं बोलायचं नाही, हेही त्याला शिकवा. “आज जागा पूर्ण भरली आहे, उद्या सकाळी पहिलं तुमचं” असं सरळ सांगितलं तर माणूस समजून घेतो. आता ग्राहकाच्या हातात फोन आहे, खोटं लिफ्टपाशीच उघडं पडतं.

काही जण म्हणतील, “सर, असं फुकट दिलं की लोक सवकतात.” सवकतात, जर तुम्ही सगळ्यांना सगळं दिलंत तर. सगळेच गोल्ड झाले की गोल्डला किंमत राहत नाही. दुसरी शंका, बाकीचे ग्राहक नाराज होतील का? नियम उघड असेल तर होत नाहीत. “तुम्हालाही मिळेल, बारा वेळा या” असं सांगता येतं. नाराजी येते ती लपूनछपून, तोंड बघून दिल्यावर.

आजचा होमवर्क

आज रात्री दुकान बंद केल्यावर वहीत तीन ओळी लिहा. माझ्याकडे कधी आणि काय रिकामं असतं? माझे सगळ्यात जास्त वेळा येणारे दहा ग्राहक कोण? आणि मी कोणाला तोंडी दिलेला एखादा शब्द असा आहे का, जो माझ्या माणसांना माहीत नाही?

तिसऱ्या ओळीपाशी थांबा. ज्याचं नाव आठवेल त्याला उद्याच फोन करा. कामासाठी नको, नुसती चौकशी करा. मी दोन महिने उशीर केला होता.