लिलावापलीकडची संघबांधणी

भातकापणीनंतर महाड-पोलादपूरच्या खाचरांत कबड्डीची मैदाने आखली जातात, तेव्हा आमच्या वर्गांतील मागचे बाक रिकामे होऊ लागतात. हजेरीपटावर आम्ही गैरहजेरी मांडतो खरी, पण तिच्यामागे एक शाळाच आहे याची जाणीव आम्हांस उशिरा झाली. ती करून दिली 'पुणेरी पलटण'ने.

प्रो कबड्डीच्या २०१४ व २०१५ या पहिल्या दोन्ही हंगामांत पलटण आठ संघांत तळाशी होती. २०१६ मध्ये मनजीत छिल्लर या नावाजलेल्या खेळाडूच्या नेतृत्वाखाली तिने तिसरा क्रमांक गाठला, मात्र २०१९ मध्ये ती पुन्हा बारा संघांत दहावी आली. नावाजलेला खेळाडू विकत घेतला म्हणजे संघ घडतो, या समजुतीचे उत्तर त्या घसरणीत होते.

२०२१-२२ च्या हंगामात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे नवोदित पलटणीतून मैदानात उतरले आणि संघाने त्यांना पुढे राखून ठेवले. पुढच्या हंगामासाठी फझल अत्राचलीवर १ कोटी ३८ लाख रुपये खर्चले गेले व २०२२ मध्ये पलटण अंतिम सामन्यात पोचून हरली. नंतर फझलला सोडून मोहम्मदरेझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतले. लिलावात खांब बदलला, पाया तोच राहिला. १ मार्च २०२४ रोजी अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणीने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद मिळविले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पुढच्याच हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला, हरियाणा विजेता झाला आणि पलटण आठवी आली. मग पैसाच निर्णायक नव्हे काय? पैशाचे बळ आम्ही नाकारीत नाही. परंतु २०२५ मध्ये पलटण शादलुईविना पुन्हा अंतिम सामन्यात पोचली, हेही विसरून चालणार नाही.

आमचा प्रश्न निराळाच आहे. नवोदित खेळाडू लिलावाच्या यादीत येतो, त्याआधीची दहा वर्षे त्याला कोण घडविते? ग्रामदेवतेच्या नावाचे मंडळ, मुंबईच्या चाकरमान्यांची वर्गणी आणि संध्याकाळी शिट्टी घेऊन उभा राहणारा एखादा बिनपगारी शिक्षक. जागतिक फुटबॉलमध्ये खेळाडूचे हस्तांतरण झाले की मोबदल्यातील पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत घडविणाऱ्या क्लबांना द्यावा, असा नियम आहे. अमेरिकी फुटबॉलमध्ये तळाच्या संघास नवोदितांची पहिली निवड मिळते. पहिला नियम मुळांचे ऋण मानतो, दुसरा पराभूताला उभे करतो. कोट्यवधींची बोली लागणाऱ्या कबड्डीत गावच्या मंडळाचा हक्काचा वाटा नियमानेच ठरला पाहिजे. तो उपकार म्हणून नको.

याला भाबडेपणा म्हणण्याआधी कबड्डीचाच नियम आठवावा. आपल्या चढाईपटूने गुण आणला की आपला बाद गडी पुन्हा आत येतो, आणि जो आधी बाद झाला तो आधी उठतो. गुण पुण्यात, हैदराबादेत मिळू लागले आहेत. रेषेबाहेर बसलेल्या आमच्या खाचरांतील मैदानांना उठविण्याची पाळी केव्हाच येऊन गेली आहे.