जुनी मीडियम फॉरमॅट टेलिफोटो घ्यायची? आधी फोनचा टॉर्च काढा

२०२५च्या शेवटी भारतात असे दोन फोन आले, ज्यांच्या कॅमेऱ्यावर वरून वेगळी टेलिफोटो लेन्स बसवता येते. विवो एक्स३०० प्रोच्या लेन्सवर झाइसचं नाव आहे, ओप्पो फाइंड एक्स९ प्रोच्या लेन्सवर हॅसलब्लाडचं. गंमत म्हणजे ही दोन्ही नावं एके काळी एकाच कॅमेऱ्यावर असायची. कॅमेरा स्वीडनच्या हॅसलब्लाडचा, लेन्स जर्मनीच्या झाइसची. १९६९ साली चंद्रावर गेली ती हीच जोडी. फोनवर ही नावं वाचून मूळ फिल्म कॅमेरा आणि त्याची जुनी टेलिफोटो शोधत असाल, तर पैसे पाठवायच्या आधी एक हिशोब बघून घ्या.

मीडियम फॉरमॅटचा निगेटिव्ह मोठा असतो. हॅसलब्लाडचा चौकोन साधारण ५६ बाय ५६ मिमी, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमपेक्षा कितीतरी मोठा. निगेटिव्ह मोठा झाला की तीच लेन्स जास्त रुंद दृश्य पकडते. त्यामुळे हॅसलब्लाडची २५० मिमी लेन्स फोनच्या भाषेत सुमारे १३७ मिमीच भरते. आयफोन १६ प्रोचा ५एक्स कॅमेरा १२० मिमीचा आहे. विवोची जोडलेन्स २०० मिमीपर्यंत जाते, ओप्पोची २३०पर्यंत. म्हणजे आपण शिरवण्यातून सीवूड्सच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो टिपायला निघालो, तर भलीमोठी लेन्स गळ्यात अडकवूनही पक्षी ठिपक्याएवढेच येणार. त्या कामाला फोनच बरा.

मग ही लेन्स घ्यायची कशाला? चेहऱ्यासाठी. फोनचा पोर्ट्रेट मोड केस कुठे संपतात आणि मागची भिंत कुठे सुरू होते, याचा अंदाज बांधून मागचं धूसर करतो. कधी कधी चष्म्याची काडीच गायब होते. इथे धूसरपणा काचेतून येतो, अंदाज कसलाच नाही. मात्र जागा लागते. हॅसलब्लाडची २५० मिमी अडीच मीटरच्या आत फोकसच होत नाही, १५० मिमी मात्र १.४ मीटरपर्यंत येते. शिरवणे गावठाणातल्या अरुंद गल्लीत आजीचा फोटो काढायचा असेल तर हा फरक फार मोठा आहे. शिवाय २५० मिमीचं तोंड एफ/५.६पर्यंतच उघडतं. संध्याकाळी ट्रायपॉडशिवाय हात हलणार, आणि १२० फिल्मच्या एका रोलवर फोटो मिळतात बारा. माझं मत स्पष्ट आहे: पहिली टेलिफोटो १५० मिमीच्या आसपासची घ्या, २५०च्या मोहात पडू नका.

कोणती घ्यायची ते अर्थात हातात कोणता कॅमेरा आहे त्यावर ठरतं. घरात आजोबांचा यशिका मॅट १२४जी असेल तर विषयच संपला, त्याची लेन्स बदलताच येत नाही. मामिया आरबी६७ असेल तर १८० मिमी बघा, पण जाहिरातीतलं अक्षर नीट वाचा: आरबीची लेन्स आरझेड६७वर चालते, आरझेडची आरबीवर चालत नाही. बजेट कमी असेल तर मामिया ६४५ आणि तिची १५० मिमी एफ/३.५ मला सगळ्यात शहाणी खरेदी वाटते. कारण तिथे शटर कॅमेऱ्याच्या बॉडीत आहे. हॅसलब्लाडच्या ५०० मालिकेत आणि आरबीमध्ये शटर प्रत्येक लेन्सच्या पोटात असतं. म्हणजे लेन्स घेताना तुम्ही पन्नासेक वर्षांचं एक घड्याळच विकत घेत असता.

हे घड्याळ तपासायला तुमचा फोन पुरेसा आहे. फिल्म बॅक काढा, कॅमेरा उजेडाकडे धरा आणि मागून २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये शटरचा व्हिडिओ घ्या. १ सेकंदाला शटर सुमारे २४० फ्रेम उघडं दिसायला हवं, १/१५ला १६ फ्रेम, १/६०ला चार. १/१५ला पंचवीस फ्रेम दिसल्या तर आतलं जुनं तेल चिकट झालंय. १/५०० मात्र असं मोजता येत नाही. आणि काही फोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनावट फ्रेम घुसडतात, त्यामुळे आधी स्टॉपवॉचचा व्हिडिओ घेऊन आपला फोन खरं बोलतोय का ते बघा.

मग टॉर्च. अॅपर्चर पूर्ण उघडा, मागून तिरका प्रकाश टाका आणि पुढून बघा. धुळीचे दोन-चार कण असतील तर सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. सगळीकडे दुधाळ पडदा असेल तर उन्हाकडे तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो फिका पडणार, मग विकणारा ‘फोटोवर परिणाम नाही’ असं कितीही लिहो. काचेच्या कडेला इंद्रधनुष्यी डाग असेल तर दोन काचा जोडणारा गोंद सुटत चाललाय. अशी लेन्स स्वस्तातही नको.

ऑनलाइन घेताना हे दोन्ही व्हिडिओ आधी मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर पुढे जा. परदेशातून मागवलीत तर वर कस्टम ड्यूटी भरावी लागते, आणि परत पाठवायचा खर्च वेगळाच. त्यापेक्षा जुईनगरहून हार्बर लोकलने सीएसएमटी गाठा. फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे लेन्स हातात घेऊन बघता येते. जुनी शटरं दुरुस्त करणारा माणूस कोण, हेही तिथेच विचारा, आणि ते लेन्स घ्यायच्या आधी विचारा.

लेन्स घरी आली की खरी परीक्षा जूनमध्ये. आपल्याकडे खाडीची हवा, त्यात पावसाळा. लेन्ससोबत आलेली चामड्याची पेटी दिसायला झकास असते, पण ती ओल धरून ठेवते. ती कपाटात ठेवा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. वर सरकू लागला की जेल गरम करून, सुकवून परत टाका. आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून शटर सगळ्या वेगांवर चालवा.