आधी पारख, मग प्रसार

संगणकांच्या महाजालात मार्ग ठरविणाऱ्या यंत्रांस राउटर म्हणतात. शेजाऱ्यांनी कळविलेल्या मार्गांतून ती निवड करतात आणि अधिक नेमका पत्ता सांगणाऱ्या मार्गास अग्रमान देतात. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब स्वदेशापुरते रोखण्यासाठी असाच एक नेमका, पण खोटा मार्ग योजिला. तो बाहेर निसटला. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीने तो न गाळता जगभर पसरविला आणि सुमारे दोन तास बहुतेक ठिकाणी यूट्यूब दिसेनासे झाले.

ज्या पत्त्यांवर शेजाऱ्याचा हक्क आहे, तेवढेच त्याच्याकडून स्वीकारावेत, ही गाळणी साधी होती. आमच्या मते चूक करणाऱ्याइतकाच दोष ती न पारखता पुढे धाडणाऱ्याचा आहे. विद्यार्थिमित्रहो, ऐकीव वार्तेच्या वाटेवर आपणही असेच एक नाके आहोत.