धाबे गेले, अंगण तरी राखू या

प्राथमिक शाळेतल्या मुलांना घराचे चित्र काढायला सांगितले, की बहुतेक वह्यांत एकच चित्र येते. दोन्ही बाजूंना उतरते छप्पर, मागे दोन डोंगर आणि त्यांच्या मधून उगवणारा सूर्य. जळगाव-धुळ्याच्या मुलांनी असे घर बहुधा पुस्तकातच पाहिलेले असते. आमच्या तापीकाठचे जुने घर उतरत्या छपराचे नव्हतेच. ते धाब्याचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे होते. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे पाणी ओघळून जायला उतार हवाच. जळगावात तो सातशेच्या आसपास, धुळ्यात त्याहून कमी. आमच्या घराचे भांडण पावसाशी कमी आणि उन्हाशी जास्त. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, त्या मुलखात घर कसे असावे हे आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या शोधत आणले. तो शोध आज आम्ही विसरत चाललो आहोत, म्हणून या महिन्यात घरांविषयी बोलू या.

खानदेशात माणूस घर करून राहतो त्याला चार हजार वर्षे झाली. धुळे जिल्ह्यातील कावठे येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले, तेव्हा जमिनीत खोलगट खड्डा करून त्यावर छप्पर घातलेल्या वस्तीच्या खुणा सापडल्या. जमिनीच्या पोटात उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब असते, हे त्या लोकांनी जाणले होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर-चोपडा-यावलच्या बाजूला, भिल्ल आणि पावरा बांधवांची कुडाची घरे आजही दिसतात. बांबूच्या कामट्या विणून उभ्या केलेल्या भिंती, त्यावर शेणमातीचा हात आणि वर गवत किंवा कौले. भिंतीतूनच हवा खेळती राहते.

गावठाणातले घर मात्र धाब्याचे. कच्च्या विटांच्या दीड-दोन हात रुंद भिंती, सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या. कड्यांवर फळ्या किंवा काड्यांचा थर, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर खारी माती टाकायची, म्हणजे पाणी मुरत नाही. छताला एक झरोका, त्यातून चुलीचा धूर बाहेर जायचा आणि उजेड आत यायचा. घराचे माप फुटांत नव्हे तर खणांत सांगत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. कुणाचे घर तीन खणांचे, कुणाचे सात खणांचे. ज्याला ऐपत होती त्याचा वाडा. बाहेर ओटा, मग देवडी, मग मधोमध उघडा चौक आणि चौकाभोवती दालने. मुसलमानाच्या घरात देवडीला पडदा असे. भिंतीतल्या कोनाड्याला आमच्या आयाबाया ताक म्हणत. त्यात कुरआन शरीफ आणि चिमणी ठेवलेली असे.

ज्यांच्या हाती राज्य होते त्यांनीही उन्हाचाच विचार आधी केला. फारुकी घराण्याची पहिली राजधानी धुळे जिल्ह्यातले थाळनेर. ते तापीच्या काठावर आहे आणि तिथे त्यांचे मकबरे आजही उभे आहेत. नासिर खान फारुकीने हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) यांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसवले, तेही तापीच्याच काठावर. तिथल्या शाही किल्ल्यातले महाल नदीकडे तोंड करून बांधलेले होते. १६३१ मध्ये मुमताज महलचे निधन याच बुऱ्हाणपुरात झाले. आज महालांची पडझड झाली आहे. त्यामानाने हमामखाना आणि त्याच्या छतावरची रंगीत नक्षी बरी टिकली आहे. ताजमहाल सारे जग पाहते, पण ती मलिका शेवटी ज्या घरात राहिली त्याच्या भिंती पाहायला फार थोडे लोक जातात.

धुळे शहराची गोष्ट वेगळी. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. तेव्हा धुळे म्हणजे ४०१ घरे आणि २,५०९ माणसे. ब्रिग्जने बाहेरून कारागीर आणले, लोकांना घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली आणि बांधकामाला उचलही दिली. आज धुळ्यात पत्ता सांगताना 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' असे सांगतात. खानदेशातली दुसरी आखीव वस्ती अवघ्या काही दिवसांची होती. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. गांधीजींचा आग्रह होता की आसपास मिळेल त्याच सामानाने सारे उभे करावे. चित्रकार नंदलाल बोस यांच्या देखरेखीत बांबूचे 'टिळकनगर' सजले, हजारो माणसे त्यात राहिली आणि काम संपताच ते उतरवलेही गेले.

खड्डा, कूड, धाबे, वाडा, महाल. या घरांत राहणाऱ्यांची ऐपत जमीन-अस्मानाची वेगळी होती, पण एक गोष्ट बहुतेकांकडे होती. घराच्या आत किंवा लगत आभाळाखालची एक जागा. गरिबाकडे परसू आणि धाबे, श्रीमंताकडे चौक. धाब्यावर शेवया, कुरडया, पापड वाळत. संध्याकाळी पाणी शिंपडून तिथेच बिछाने पडत. रमजानचा चांद पाहायला सगळी गल्ली आपापल्या धाब्यावर चढे.

आमच्या दीनमध्ये तर घराचा पहिला नमुनाच असा आहे. मदिन्यात मशिदीला लागून हुजूर (स.) यांच्या पत्नींच्या खोल्या होत्या. कच्च्या विटांच्या आणि खजुराच्या फांद्यांच्या. हजरत हसन बसरी (रह.) सांगत, की लहानपणी त्या छतांना आपला हात पोहोचत असे. खोली इतकी लहान, की रात्री हुजूर (स.) सजद्यात जात तेव्हा हजरत आएशा (रजि.) यांना पाय आखडून घ्यावे लागत. पण बुखारी शरीफमध्ये आणखी एक गोष्ट येते, तिच्याकडे आमचे लक्ष कमी जाते. अस्रची नमाज होई तेव्हा हजरत आएशा (रजि.) यांच्या हुजऱ्यात अजून ऊन असे. म्हणजे खोली लहान होती, पण तिच्यासमोर ठेंगण्या भिंतीआड उघडी जागा होती. सूरह नहलच्या ८० व्या आयतीत अल्लाहने घराला 'सकन' म्हटले आहे. आपण बोलतो तो 'सुकून' त्याच मुळातला शब्द. घर उंच असावे, भारी असावे असे तिथे नाही. घरात जीव निवावा, एवढेच आहे.

आता आपल्या आजच्या घराकडे पाहू. मराठीत नियम 'धाब्यावर बसवतात'. आम्ही खानदेशींनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत खुद्द धाबेच धाब्यावर बसवले. त्याचे दुःख करत बसण्याचे कारण नाही. धाब्याच्या घरात वाळवी होती, विंचू होते, झड लागली की छत गळे, कधी भिंतच बसे. दर आठवड्याला सारवण करून बायकांच्या कमरा मोडत. सिमेंटचे घर हवेसे वाटले ते उगाच नाही. इजिप्तचे नामवंत वास्तुशिल्पी हसन फतही यांनी १९४५ च्या सुमारास गुर्ना गावच्या लोकांसाठी मातीची फार देखणी, गार, अंगणाची घरे बांधली. जगाने वाहवा केली, पण गावातले बहुतेक लोक त्यात राहायला गेलेच नाहीत. कुणाचे घर कसे असावे हे राहणाऱ्याला न विचारता ठरवले की असे होते.

आमचे म्हणणे इथेच आहे. राहणाऱ्याला कोण विचारतो? वीस बाय तीसचा प्लॉट घेतला की तो चारही बाजूंनी भिंतीला भिंत लावून भरून टाकायचा, समोर रंगीत टाइल्सचे एलिव्हेशन करायचे, ही सध्याची रीत. नकाशा ठरवतात घरातले पुरुष आणि मिस्त्री. दुपारी बारा ते पाच ते दोघेही त्या घरात नसतात. तेव्हा तिथे आई असते, सून असते, म्हातारी दादी असते, तान्हे मूल असते. वर दिवसभर तापलेला स्लॅब. खिडकी रस्त्यावर उघडते, म्हणून ती बंद आणि वर पडदा. मालेगाव-धुळ्याच्या विणकर वस्त्यांत खाली माग आणि वर बिऱ्हाड, तिथे आवाजाची भर. २०१८ आणि २०१९ चा रमजान मे महिन्यात होता. रोजा ठेवून त्या बंद खोलीत चुलीपुढे उभी राहिलेली बाई काय सोसते, हे इफ्तारच्या दस्तरखानावर बसणाऱ्यांपैकी कितीजणांच्या लक्षात आले असेल?

पडद्याचा दोष यात नाही. सूरह नूरमध्ये परवानगीशिवाय कुणाच्या घरात जाऊ नये असा हुकूम आहे, तो घरातल्यांना घरात मोकळे वावरता यावे म्हणून आहे. जुन्या वाड्यात पडदा देवडीवर होता आणि त्याच्या आत बाईच्या वाट्याला आभाळ होते. आम्ही पडदा ठेवला आणि आभाळ काढून घेतले. सरकारी घरकुलाचीही तीच गत. २०१६ पासूनच्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर आहे आणि ते शक्यतो बाईच्या नावे किंवा नवरा-बायकोच्या दोघांच्या नावे मंजूर होते. कागदावर मालकीण ती. पण दरवाजा कुठे, चूल कुठे, खिडकी कुठे, हे तिला कुणी विचारत नाही.

उपाय फार महागाचे नाहीत. वीस बाय तीसच्या प्लॉटमध्ये सहा बाय आठची जागा उघडी सोडली, तर ती ४८ चौरस फूट होते, म्हणजे शंभरातले आठ. स्वयंपाकघराची आणि एका खोलीची खिडकी त्या चौकात उघडली, की पडदाही राहतो आणि वाराही मिळतो. तेवढीही जागा नसेल तर गच्चीचा कठडा पाच फूट उंच आणि जाळीचा करावा, म्हणजे संध्याकाळी घरातल्या बायकांना वर निर्धास्त बसता येईल. उन्हाळ्याआधी स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरे छत ऊन परतवते आणि खालची खोली कमी तापते. अहमदाबाद महापालिकेने उष्माघातापासून बचावाच्या आराखड्यात गरीब वस्त्यांची छपरे अशीच पांढरी करून घेतली आहेत. दाराशी एक कडुनिंब लावावा. आणि पाया खोदण्याआधी, मिस्त्रीच्या हातात टेप देण्याआधी, घरात दुपार कोण काढते ते पाहून त्या व्यक्तीला नकाशा दाखवावा.

आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या बहिणाबाई चौधरी यांनी सुगरण पक्ष्याच्या खोप्यावर कविता केली. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईने एक गोष्ट नेमकी टिपली होती. ते पाखरू घर बांधते ते आपल्या पिलांसाठी. आमच्यापैकी बरेच जण येत्या काही वर्षांत जुने घर पाडून नवे बांधतील. अल्लाह सर्वांना बरकत देवो. रस्त्यावरून जाणारा घराकडे क्षणभर पाहतो आणि पुढे जातो, आत राहणारी आयुष्य काढते. बांधताना तिचे चार शब्द आधी ऐकून घेऊ या.